कारखान्यातून उत्तरं : रोबोट, सहामाही आणि शहाबादी फरशी

(या सदराच्या लेखिका कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉप चालवतात आणि एका शाळेच्या रोबोटिक्स टीमला मार्गदर्शन करतात.)

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या टीममधून ती ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत उतरली आहे. रोबोट बनवायला माझी ना नाही. पण दिवाळीनंतर ही मुलं दर रविवारी रोबोट उचलून जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात आणि तिथल्या मुलांना शिकवतात. स्पर्धा तोंडावर, त्यात सहामाहीचे मार्क घसरलेत. तिचे वडील म्हणतात, आधी मशीन धड चालू दे, समाजसेवा मग. हे सगळं परीक्षकांना दाखवण्यापुरतं असतं का? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, दाखवण्याचा भाग त्यात आहेच. या स्पर्धेतला सगळ्यात मानाचा ‘इन्स्पायर’ पुरस्कार नुसतं मैदान मारून मिळत नाही. मशीन, मुलांनी लिहिलेली 15 पानी वही आणि गावात केलेलं काम, सगळं एकत्र बघतात. मुलाखतीत मुलांनीच बोलायचं, आम्ही मार्गदर्शकांनी तोंडाला कुलूप लावायचं. त्यामुळे काही टीम बॅनर धरून फोटो काढतात, पत्रकं वाटतात आणि ‘इतक्या शे मुलांपर्यंत पोहोचलो’ असं वहीत चिकटवतात. अशा रविवारांपेक्षा घरी बसून गणितं सोडवलेली बरी, हे माझं स्पष्ट मत.

पण नीट केलं तर काय होतं, ते आमच्या टीमचं सांगते. स्पर्धेचं मैदान 12 फूट बाय 12 फुटांचं. दोन-दोन फुटांचे 36 फोमचे तुकडे जोडून केलेलं, मऊ आणि पकड असलेलं. सामना अडीच मिनिटांचा. त्यातले पहिले 30 सेकंद रिमोटला हात लावायचा नाही, रोबोटनं आपला आपण चालायचं. आमचा रोबोट कारखान्यातल्या फोमवर अगदी सुतात चालायचा. पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेत पोरांनी तो वर्गातल्या शहाबादी फरशीवर सोडला, तर गडी तिरका निघाला आणि थेट फळ्याखाली जाऊन धडकला. वर्ग हसून लोळला. आमची पोरं मात्र गप्प. त्यांना कारण सांगता येईना, आणि समोरची पोरं विचारायची काही थांबेनात.

कारण असं. आमची चाकं मेकॅनम, म्हणजे कडेनं 45 अंशात तिरपे रूळ बसवलेली. त्यामुळे गाडी आडवीही सरकते. चाक किती फिरलं ते मोटरमधला एन्कोडर मोजतो आणि त्यावरून रोबोट ठरवतो, आपण किती पुढे आलो. फरशीवर चाक जागच्या जागी घसरलं तरी एन्कोडर मोजतच राहतो. रोबोटच्या हिशेबानं तो दोन फूट आलेला असतो, प्रत्यक्षात दीड. मग मुलांनी खाली तीन बारीक मोकळी चाकं लावली, स्प्रिंगनं जमिनीवर दाबून धरलेली. ती मोटर फिरवत नाही, जमीन फिरवते. मोजमाप आता त्यांच्यावरून. त्यांचे बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या छोट्या नळ्या, आमच्या लेथवर मुलांनीच टर्न केले, टर्नरमामा फक्त शेजारी उभे. (मोठ्यांनी रात्री बसून बनवलेले रोबोट मला लांबून ओळखू येतात. परीक्षकांनाही येत असावेत.) सामन्यात धक्काबुक्की झाली की फोमवरही चाक घसरतंच, त्यामुळे ही दुरुस्ती मैदानात उपयोगी पडली.

आता मार्कांचं. टीममध्ये 15 पर्यंत मुलं असू शकतात, मग सगळ्यांनी दर रविवारी जायचं कारणच काय? पाळ्या लावायला सांगा, चारजण पुरतात. सहामाहीत कुठल्या विषयात घसरली तेही बघा. भाषेत घसरली असेल, तर वहीचं लिखाण तिच्याकडे द्यायला सांगा. आणि तिच्या वडिलांना एकदा टीमच्या कामाच्या जागी न्याच. इचलकरंजीच्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं कुठला पट्टा ढिला आहे. मशीन धड चालावं अशी त्यांची इच्छा आहे ना, मग मुलांनाही असा कान हवाच आहे.

प्रश्न : टीव्हीवर रोबोट एकमेकांना करवतीनं कापताना पाहिले. नातू यातच पडणार म्हणतो. हे बरं आहे का? – एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, तो खेळ वेगळा. शाळकरी मुलांच्या ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मध्ये दोन टीम एका बाजूला, दोन दुसऱ्या, आणि या सामन्यातला जोडीदार पुढच्या सामन्यात समोर उभा असतो. त्यामुळे कुणाचा नट पडला तर आपल्या डब्यातला काढून देतात. डीन केमन यांनी 1989 साली अमेरिकेत ही स्पर्धा घेणारी ‘फर्स्ट’ संस्था काढली, एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी ही वागण्याची रीत रुजवली. संस्थेच्या 1992 च्या पहिल्या स्पर्धेत, न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये, 28 टीम होत्या. नातू पुढे इंजिनीअरिंगला गेला तर रोबोकॉन ही कॉलेजच्या मुलांची रोबोट स्पर्धा आहे. 2008 साली ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा रोबोटना चक्क दहीहंडीचा खेळ दिला होता. करवत कुठेच नाही. निवांत राहा.

प्रश्न : ताई, आमचा रोबोट सरावात चालतो, सामन्यात मध्येच मरतो. कोड पुन्हा पुन्हा तपासला. – एक विद्यार्थी, कराड

उत्तर : कोड सोड, वायरकडे बघ. रोबोट चालू करून चाकं अधांतरी ठेव आणि एकेक वायर हातानं हलव. जिथे हलवल्यावर तो दचकेल, तिथेच रोग. बॅटरीचा कनेक्टर आधी बघ, त्याच्या पिना ढिल्या होतात. 12 व्होल्टची एकच बॅटरी, सामन्यात सगळ्या मोटरी एकदम जोर लावतात, व्होल्टेज बसतं आणि कंट्रोल हब, म्हणजे रोबोटचा मेंदू, रीसेट होतो. सरावात इतका जोर लागत नाही, म्हणून तिथे कळत नाही. प्रत्येक सामन्याला पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लाव आणि बॅटऱ्यांवर नंबर टाक, म्हणजे कुठली म्हातारी झाली ते समजेल.

तरीही मेला, तर स्थिर वीज. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसंच फोमवर चाकं घासून सांगाड्यात वीज साठते. रोबोट मैदानाच्या कठड्याला टेकला की ठिणगी उडते आणि यूएसबीचं कनेक्शन तुटतं. हब सांगाड्यावर थेट कसू नकोस, मधे प्लायवूड किंवा प्लॅस्टिक घाल. यूएसबीची वायर आखूड ठेव, तिच्यावर विजेचा गोंगाट अडवणारी फेराइटची कडी चढव. सांगाडा ग्राउंड करायचा तर नियमात बसणारी तयार पट्टीच वापर, मनानं वायर ओढलीस तर तपासणीत अडकशील. आणि सामन्याला जाताना सोल्डरिंगचं सामान घे, पण पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, सोल्डरिंग कुठे करू देतात हे आयोजकांना आदल्या दिवशीच विचारून ठेव.