भांगेचे बी की भांगाचे?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "मुलगा व्यायामशाळेत जातो, त्याने 'हेम्प सीड्स'चं पाकीट आणलंय. शब्दकोशात हेम्प म्हणजे ताग, अंबाडी असं दिसतं. मग याला तागाचं बी म्हणू की अंबाडीचं? 'भांगाच्या बिया' म्हणायला जीभ रेटत नाही."

ताई, दोन्ही नको. त्यातही तागाचं तर मुळीच नको. इंग्रजांनी दोरासाठी उपयोगी पडणाऱ्या कितीतरी झाडांना हेम्प म्हटलं. अंबाडी झाली 'डेक्कन हेम्प', ताग झाला 'सन हेम्प', आणि कोशांनी तेच उलटं फिरवून ठेवलं. वाखापुरतं ते चाललं, पण खाण्यात ही चूक महागात पडेल. हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या तागाच्या बियांत यकृताला घातक अल्कलॉइडं असतात. अंबाडी म्हणजे कण्या घालून, लसणाची फोडणी देऊन करतो ती आंबट भाजी. तुमच्या पाकिटातलं बी या दोहोंचं नाही, भांगेचं आहे.

'भांगाच्या' म्हणताना तुमची जीभ अडली ते योग्यच झालं. केसांतला भांग पुल्लिंगी: तो भांग, भांगात कुंकू. झाड मात्र स्त्रीलिंगी: ती भांग, भांगेत तुळस. म्हणून भांगेचं बी, भांगेच्या बिया. 'गांजाचं बी'ही नको. झाड तेच असलं तरी गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही फुलोऱ्याशिवायचं बी गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे.

नावात भांग आली म्हणून संकोच नको. नशेचं द्रव्य बी स्वतः तयार करत नाही. फुलोऱ्याच्या चिकाचा अंश वरून लागतो तेवढाच. २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे बी, त्याचं तेल आणि पीठ खाण्यासाठी मान्य केलं, ते या अंशावर मर्यादा घालूनच. उत्तराखंडातल्या कुमाऊंत तर भांगेच्या बियांची चटणी घरोघरी वाटतात. आणि मला फार आवडणारी गोष्ट पाणिनीची: धान्यांच्या शेतांची नावं कशी घडतात हे सांगताना त्याने तीळ, उडीद, जवस यांच्याच ओळीत 'भङ्गा' घेतली आहे. भांगेचं शेत ते भङ्ग्य किंवा भाङ्गीन. म्हणजे हे बी धान्याच्या पंगतीत बसलं, त्याला अडीच हजार वर्षं होत आली.

त्या पंगतीत ते शोभतंही. सोललेल्या बियांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं, ४९ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि जवळजवळ ७०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. तीन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम खाल्ले तर नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण सोबत १६५ कॅलरीही येतात. लायसिन हे अमिनो आम्ल यात थोडं कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. तेव्हा मुलाचं वरण बंद करू नका. आणि केवळ ओमेगा-३ हवं असेल तर आपलं जवस याच्या बरंच पुढे आहे, स्वस्तही आहे.

सोललेल्या बियांसाठी वेगळा शब्द हवा असेल तर तो आपल्याकडे आहेच. खरबुजाच्या सोललेल्या बीला आपण मगज म्हणतो, तसा हा भांगेचा मगज. फक्त 'भंगजिरा' म्हणू नका. त्या नावाचं बी पहाडात खरोखर मिळतं आणि ते तुळशीच्या कुळातल्या निराळ्याच झाडाचं असतं.