क्लार्कच्या फोनवरून पक्षकारांची कागदपत्रं गेली, आता सांगायचं की गप्प बसायचं?

ताई, तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही तालुक्याच्या कोर्टात आठ वर्षं वकिली करताय, ऑफिसात एक ज्युनिअर, एक क्लार्क, आणि ऑफिसचं व्हॉट्सअ‍ॅप क्लार्कच्याच फोनवर. परवा त्याला "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली, गाडीचा दंड आला असेल म्हणून त्याने ती उघडली, आणि रात्रीपासून ऑफिसच्या नंबरवरून पक्षकारांना मेसेज जायला लागले की कोर्ट फी भरायचीय, लगेच पैसे पाठवा. दोघांनी पाठवलेही. त्या फोनमध्ये आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, दस्तांच्या झेरॉक्स, वर एका घटस्फोटाच्या मॅटरमधले डॉक्टरांचे रिपोर्ट. तुमचे सीनिअर म्हणतात गप्प बसा, बोभाटा झाला तर प्रॅक्टिस बसेल.

मी म्हणतो सांगा, सगळ्या पक्षकारांना, आणि आजच. सीनिअरांचा मान राखून सांगतो, त्यांचा सल्ला चुकीचा आहे. तुम्ही गप्प बसलात तर उद्या तिसरा पक्षकार पैसे पाठवेल, आणि त्याला नंतर कळेल की वकीलबाईंना आधीच माहीत होतं. त्याच्यापुढे काय उत्तर देणार?

आधी ज्या दोघांचे पैसे गेलेत त्यांना आत्ताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायला लावा, स्वतःच्या फोनवरून. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येते, नंतर अवघड होतं. मग क्लार्कचा फोन. सगळेजण इथे हीच चूक करतात, घाबरून फोन फॉरमॅट मारतात. मारू नका, तो पुरावा आहे. फ्लाइट मोडवर टाका, सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला, तिथून व्हॉट्सअ‍ॅप परत रजिस्टर करा, लिंक्ड डिव्हायसेस सगळी लॉगआउट, टू-स्टेप पिन लावा, कॉल फॉरवर्डिंग कुठे लागलंय का बघा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला, त्या फोनवरून नाही. पक्षकारांना आलेले मेसेज त्यांनी डिलीट करू नयेत. स्क्रीनशॉट कोर्टात दाखल करायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५-बी तेच, हे तुम्हाला सांगायला नको.

तक्रार सायबर पोलिसांकडे द्या, आयटी कायद्याची ६६, ६६-सी, ६६-डी आणि फसवणुकीचं कलम. पोलीस फोन मागतील. त्यात बाकीच्या पक्षकारांचंही सगळं आहे म्हणून भीती वाटतेय हे कळतंय, पण ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाचं डिजिटल उपकरण मागवलं तर ते कोर्टापुढे हजर करायचं आणि बाकीच्या पक्षकारांची गोपनीयता सांभाळूनच उघडायचं. अर्जात तसं लिहूनच द्या. सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची नोंद घेणारी केंद्र सरकारची संस्था) पण कळवा, २०२२ च्या निर्देशांत ६ तासांची मुदत आहे. ती उलटून गेलीय आणि एकट्या वकिलाला तो नियम लागतो का यावर वाद घालता येईल, पण कळवून कुणाचं नुकसान होत नाही.

आता तुमची खरी भीती, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ (जुनं १२६) आणि बार कौन्सिलचे नियम पक्षकाराचं गुपित फोडायला मनाई करतात, आणि ते क्लार्कलाही लागू आहे. पण तुम्ही काही फोडलं नाही, चोरी झाली. आयटी कायद्याचं ७२-ए, करार मोडून माहिती उघड करण्याबद्दलचं, तेसुद्धा हेतू किंवा जाणीव असेल तरच लागतं. साधा निष्काळजीपणा म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन होत नाही, लपवलं तर मात्र बार कौन्सिलपुढे तुमची बाजू दुबळी होते. ग्राहक मंचाची भीती काढून टाका, मे २०२४ मध्येच सुप्रीम कोर्टाने वकिलांची सेवा त्या कायद्याबाहेर ठेवलीय. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र होऊ शकतो.

आणि डीपीडीपी कायदा, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा २०२३ चा कायदा. बरेच वकील म्हणतात आपल्याला सूट आहे. सूट आहे खरी, कलम १७ मध्ये, कायदेशीर हक्कासाठी माहिती वापरली तर बरीच बंधनं लागत नाहीत, पण त्याच वाक्यात कलम ८(५) वगळलंय, म्हणजे माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी वकिलावर राहतेच. २०२५ च्या नियमांप्रमाणे हा भाग मे २०२७ पासून लागू होतोय, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी. तुमच्याकडून कोणी २५० कोटी मागणार नाही, तरी तोपर्यंत ऑफिसचा नंबर वेगळ्या फोनवर न्या, त्या फोनवर दुसरं काही नको. आणि ताई, कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला फाइली पाठवणं बंद करा. मी स्वतः एका दुकानात डाउनलोड फोल्डरमध्ये कितीतरी वकिलांचे ड्राफ्ट उघडे पडलेले पाहिलेत, नावगावासकट, कुणीही बसावं आणि वाचावं. एक प्रिंटर ऑफिसात घ्या, महाग नाही तो.

क्लार्कला काढू नका. पोरगं रडतंय असं तुम्ही लिहिलंय. काढलंत तर पुढच्या वेळी कोणी चूक झाल्याचं सांगणारच नाही, आणि त्याची साक्ष तुम्हालाच लागणारय.

पक्षकारांना मेसेज साधा ठेवा: "आमच्या ऑफिसचा नंबर अमुक तारखेला हॅक झाला. पैसे मागणारा मेसेज आमचा नाही. तुमचं आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं बाहेर गेली असू शकतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, बँकेला कळवा, शंका असेल तर मला थेट फोन करा." बायोमेट्रिक लॉक मुद्दाम लिहा, कारण दस्तांवर अंगठ्याचे ठसे आहेत आणि ठसे नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे झालेत.

घटस्फोटवाल्या बाईंना मात्र मेसेज नको. मेसेज घरात कोण वाचेल सांगता येत नाही. त्यांना ऑफिसला बोलवा, समोर बसवून सांगा, कोणते रिपोर्ट त्या फोनमध्ये होते ते एकेक करून दाखवा. आपल्याकडे चोरीचा कागदसुद्धा, मॅटरशी संबंधित असेल तर, कोर्ट सहसा केवळ चोरीचा म्हणून बाजूला टाकत नाही, म्हणून समोरच्याने तो काढला तर पहिल्याच तारखेला हरकत नोंदवायची तयारी आत्तापासून ठेवा. त्यांची पुढची तारीख तुम्ही १९ लिहिलीय, त्याआधी भेटा.