पहिलं प्रवासाचं कार्ड: आधी नोंद तयार कर

प्रवासाच्या क्रेडिट कार्डासाठी केलेल्या तुझ्या पहिल्याच अर्जाला बँकेचा नकार आला म्हणून खचू नकोस. सिबिलकडे, म्हणजे कोण उधारी कशी फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, तुझी नोंदच नाही, मग बँक कशाच्या भरवशावर उधारी देणार? ती नोंद आधी तयार करू.

सोलापुरातल्या ज्या शाखेत पगार जमा होतो, तिथंच एफडीवर (मुदत ठेवीवर) मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाची चौकशी कर. एफडी तारण असल्यामुळे जुना इतिहास फारसा बघत नाहीत. कार्ड आलं की त्यावर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट, मोबाइल रिचार्ज, एवढंच घे. खर्च कार्डाच्या मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेव आणि बिल पूर्ण भर. पूर्ण म्हणजे पूर्ण! नुसता ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलास, तर बऱ्याच कार्डांवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, त्यापुढे खर्चावर मिळणारे पॉइंट काहीच नाहीत. बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल असं ऑटो-डेबिट पहिल्याच दिवशी लाव.

नवीन मंडळी हमखास इथं चुकतात:
- एक नकार आला की लगेच चार बँकांत अर्ज. प्रत्येक अर्जामागे बँक करते ती चौकशी सिबिलच्या अहवालात दिसते.
- कार्डावर एटीएममधून रोख काढणं. व्याज त्याच दिवसापासून सुरू.

सहा-आठ महिन्यांनी सिबिलचा अहवाल बघ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्कोअर ७५० च्या पुढे दिसला की प्रवासाच्या कार्डासाठी अर्ज कर. विमानतळावरचं लाउंज आणि विमानप्रवासासाठी जमणाऱ्या माइल्सचं तेव्हा सांगतो.