सोविन्यो ब्लाँसोबत काय खायचं?
पहिलीच बाटली आणणार आहात ना? मग नाशिकची सोविन्यो ब्लाँ ही पांढरी वाईन घ्या, आणि तिच्याबरोबर मिसळ खायचा पुणेरी हट्ट सोडा. तिखटाने अल्कोहोल जास्तच जळजळतं, फळांचा स्वाद पार मरतो. तिखटाशिवाय घास उतरतच नसेल तर शेनिन ब्लाँ ही जरा गोडसर पांढरी वाईन बरी.

सोविन्यो ब्लाँची सगळी गंमत तिच्या आंबटपणात. तळलेल्या पदार्थावर लिंबू पिळल्यावर जे होतं तेच ती करते. म्हणून पुण्याच्या कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून सुरमई आणा. हळद-मीठ, मसाला अगदी बेताचा, वर बारीक रवा. कडा कुरकुरीत झाल्या की तुकडा तव्यावरून थेट ताटात, आणि लगेच एक घोट. शाकाहारी असाल तर कोथिंबीर वडी. वाईनमधला हिरवट वास कोथिंबिरीशी झकास जुळतो. अळूवडी मात्र नको. तिच्यातल्या गुळापुढे वाईन नुसतीच आंबट लागते.

बाटली ८ ते १० अंशांवर हवी. फ्रिजमधून काढून १० मिनिटं बाहेर ठेवलीत की झालं. ग्लासात बर्फ टाकू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. उघडलेली बाटली घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते.