मामंजींचं निम्मं खरं

प्रश्न : आक्का, मेढ्याजवळ डोंगराच्या पायथ्याला आमचं कौलारू घर आहे. वरच्या गवताला दर उन्हाळ्यात वणवा लागतो. मामंजी म्हणतात, "आजवर घरापर्यंत कधी आलाय व्हय?" माझा जीव मात्र थाऱ्यावर नसतो. विमा काढला की पुरे का?
— एक वाचक, ता. जावळी

उत्तर : बाई गं, मामंजींचं निम्मं खरं आहे. आग चढणीला धावते, उताराला रेंगाळते. पायथ्याची घरं वाचत आली ती त्यामुळे. पण रात्री डोंगरावरनं वारा खाली उतरतो, आणि ठिणगीला ज्वाळेची वाट बघायची गरज नसते. 2018 साली कॅलिफोर्नियात पॅराडाइज हे शहर जळालं, त्या आगीत 85 माणसं गेली. तिथे घरांची राख झाली आणि कितीतरी ठिकाणी शेजारची झाडं हिरवी उभी होती! अमेरिकी वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन वर्षानुवर्षं हेच सांगत आले, की घर राहतं की जातं ते घरावर आणि त्याच्या लगतच्या जागेवर ठरतं.

तेव्हा डोंगर राहू दे, आधी पडवी बघ. कडब्याची गंज भिंतीला टेकलीय? शेणी, सरपण वळचणीला रचलंय? माझ्या माहेरी, पाटणकडं, सगळे असंच रचतात, पावसात भिजू नये म्हणून. ती सोय जूनची. फेब्रुवारीत सगळं तिथून हललं पाहिजे. भिंतीपासून निदान पाच फूट नुसती माती नाहीतर फरशी ठेव. कौलांच्या फटींतला आणि पन्हळीतला पाचोळा शिडी लावून काढ. हे काम कुणालाच आवडत नाही, आणि ठिणगी नेमकी तिथंच धरते.

मागचं गवत काप, जाळू नकोस. "जाळलं की गवत जोमानं येतं" म्हणणारे भेटतीलच. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, एवढं त्यांच्या कानावर घाल. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढायचीच असेल तर वनरक्षकाला विचारून. वणवा दिसला की वनखात्याच्या 1926 वर फोन कर.

विमा जरूर काढ. 2021 पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत वणवा धरलेला आहे. गोठा, जनावरं, वैरण मात्र त्यात आलीच असं समजू नकोस. एजंटाकडून लिहून घे. आणि मामंजींशी वाद कशाला? गंज हलवायला त्यांनाच पुढं कर, ती नीट रचायची कशी हे त्यांनाच ठाऊक.