दहा वर्षांचा व्हिसा आणि सहा महिन्यांचा मुक्काम

परदेशात काही महिने किंवा काही वर्षे राहण्याचा बेत आखणाऱ्या ज्येष्ठ वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत.

प्रश्न : माझे वय ७२ आहे. मुलगी कॅनडात असते आणि माझ्याकडे कॅनडाचा दहा वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे. तिच्याकडे सलग दोन वर्षे राहायचे आहे. हा व्हिसा पुरेसा आहे ना?

उत्तर : पुरेसा नाही. व्हिसावर छापलेली मुदत ही त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची मुदत असते. आत गेल्यावर किती दिवस राहता येईल, हे प्रवेशाच्या वेळी ठरते. कॅनडात साध्या अभ्यागत व्हिसावर आलेल्या व्यक्तीला, अधिकाऱ्याने वेगळी तारीख लिहून दिली नसेल तर, प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने राहता येते, मग व्हिसा दहा वर्षांचा का असेना. ब्रिटनचा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा अभ्यागत व्हिसाही एका भेटीत साधारणपणे सहाच महिने देतो. अमेरिकेत व्हिसावरची तारीख बाजूला ठेवून आय-९४ या प्रवेशनोंदीवरची तारीख पाहावी लागते. तिथे मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक काळ राहून मग देश सोडल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. उतारवयात दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. म्हणूनच अमेरिकेत उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात ही नोंद उघडून तारीख वहीत टिपून ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

आपल्यासाठी योग्य मार्ग ‘सुपर व्हिसा’ हा आहे. कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांच्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी तो २०११च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. ४ जुलै २०२२पासून त्यावर एका प्रवेशात सलग पाच वर्षांपर्यंत राहता येते. मुलीने सहीचे निमंत्रणपत्र द्यावे लागते आणि तिचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरवलेल्या किमान पातळीइतके असावे लागते; कुटुंबाची माणसे मोजताना आपलीही गणना होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपली वैद्यकीय तपासणी होते, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचे संरक्षण देणारा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा घ्यावा लागतो. विमा कंपनीचे नुसते कोटेशन चालत नाही. पूर्ण हप्ता किंवा ठरलेली आगाऊ रक्कम भरल्याचा पुरावा जोडावा लागतो. अर्ज कॅनडाबाहेरून करायचा असतो, त्यामुळे आधी साध्या व्हिसावर जाऊन मग तिथूनच बदल करून घेऊ, हा विचार सोडून द्यावा.

याच प्रकारचा प्रश्न ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडबाबतही आला आहे. ऑस्ट्रेलियाचा उपवर्ग ८७० हा व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो आणि एकूण दहा वर्षांपर्यंत नेता येतो, मात्र त्यासाठी आधी मुलाला किंवा मुलीला प्रायोजक म्हणून मंजुरी मिळवावी लागते. न्यूझीलंडने २९ सप्टेंबर २०२५पासून आईवडिलांसाठी पाच वर्षांचा ‘पेरेंट बूस्ट’ व्हिसा सुरू केला आहे.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त आहोत, वय ६७ आणि ६४. एक वर्ष स्पेन आणि पोर्तुगालमध्ये राहायचे आहे. पर्यटक व्हिसावर ९० दिवस राहून शेजारच्या देशात जायचे आणि परत यायचे, असे काहींनी सुचवले. हे चालते का?

उत्तर : चालत नाही. शेंगेन गटातल्या, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी न ठेवणाऱ्या २९ युरोपीय देशांसाठी हिशेब एकच आहे : कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. स्पेनमधून पोर्तुगालमध्ये किंवा फ्रान्समध्ये गेल्याने मोजणी थांबत नाही, आणि गटाबाहेर चार दिवस काढून आल्याने ती नव्याने सुरूही होत नाही. समजा, आपण १ मार्चला उतरलात. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात, त्यामुळे आपला नव्वदावा दिवस २९ मे हा असेल आणि त्यानंतर २८ ऑगस्टच्या आधी परत येता येणार नाही, कारण रोज मागे वळून त्या दिवसापर्यंतचे १८० दिवस मोजायचे असतात. पूर्वी काही जण मधला काळ क्रोएशियात काढत. तो देशही १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला. १२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा यांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यामुळे पुसट शिक्क्याच्या भरवशावर राहण्याचे दिवसही संपले आहेत.

एक वर्षासाठी त्या देशाचा स्वतःचा दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यासाठी दोनपैकी एकच देश मुक्कामाचा म्हणून निवडावा लागतो. स्पेन निवडल्यास तिथे नोकरीधंदा न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्याची उत्पन्नाची अट ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या चौपट आहे. निर्देशांक २०२३पासून दरमहा ६०० युरो असल्याने मुख्य अर्जदारासाठी दरमहा २,४०० युरो आणि जोडीदारासाठी आणखी ६०० युरो दाखवावे लागतात. पोर्तुगालचा ‘डी-७’ व्हिसा निवृत्तिवेतन, भाडे यांसारख्या उत्पन्नावर मिळतो आणि त्याची किमान रक्कम तिथल्या किमान वेतनाशी बांधलेली असल्याने स्पेनपेक्षा बरीच कमी आहे. स्पेनचा निवास परवाना हाती आल्यावर पोर्तुगालमध्ये १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते, त्यामुळे आपला मूळ बेत नियमात बसू शकतो.

कागदपत्रे गोळा करण्याच्या क्रमात अनेकांची चूक होते. विवाहाचा दाखला मिळवणे, त्यावर अपॉस्टिल म्हणजे १९६१च्या हेग करारानुसारचे प्रमाणीकरण करून घेणे आणि अधिकृत भाषांतर करणे ही वेळखाऊ कामे आधी उरकावीत; पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र मात्र शेवटी घ्यावे, कारण त्यांची ग्राह्य मुदत थोडी असते आणि ती उलटली की तो कागद पुन्हा काढावा लागतो. शिवाय स्पेनमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास आपण तिथले करनिवासी ठरता आणि जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब तिथे द्यावा लागतो. करसल्लागाराला व्हिसाच्या अर्जाआधी भेटावे.

प्रश्न : अशा निवृत्तांच्या व्हिसावर असताना जुन्या ग्राहकांचे थोडेफार काम ऑनलाइन केले तर?

उत्तर : करू नये. स्पेनच्या वर सांगितलेल्या व्हिसावर कोणत्याही कमाईच्या कामाला मनाई आहे. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी तिथे निराळा व्हिसा आहे.

प्रश्न : थायलंडमध्ये पन्नाशीनंतर सहज व्हिसा मिळतो असे ऐकले. माझे वय ६६ आहे, आणि हृदयात स्टेंट बसवलेला आहे. अडचण येईल का?

उत्तर : वयाची अट पन्नाशीची आहे हे खरे. पैशांची अट बँकेत ८ लाख बाट किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न अशी आहे. थायलंडमध्ये राहून दर वर्षी मुदतवाढ घेताना ही ठेव अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने तशीच ठेवावी लागते, पुढेही ती ४ लाखांच्या खाली जाता कामा नये, आणि खाते अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर असणे अपेक्षित असते. दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद इमिग्रेशनकडे द्यावी लागते. नातवंडाला भेटायला मध्येच देशाबाहेर जायचे असेल, तर आधी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा. तो न घेता विमानात बसल्यास वर्षभराची मुदतवाढ त्याच दिवशी रद्द होते.

स्टेंटमुळे व्हिसा अडेल असे नाही, पण ‘ओ-ए’ प्रकारच्या, म्हणजे पन्नाशीवरच्यांनी थायलंडबाहेरून अर्ज करून घ्यायच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाला एक लाख अमेरिकी डॉलरच्या संरक्षणाचा आरोग्य विमा लागतो, आणि आपली खरी परीक्षा तिथे आहे. विमापत्र दूतावासाच्या अटीत बसले म्हणजे ते आपल्या हृदयविकाराचा खर्च देईल असे मुळीच नाही. पूर्वीपासूनच्या आजारांविषयीचे कलम शब्दशः वाचावे. काही विमापत्रांत असा आजार सरसकट वगळलेला असतो; काहींत तो ठरावीक दिवस ‘स्थिर’ असेल तरच खर्च मिळतो, आणि निघण्याआधी डॉक्टरांनी गोळीची मात्रा नुसती बदलली तरी आजार स्थिर नव्हता असे धरले जाऊ शकते. त्यामुळे औषधांतले बदल शक्यतो बरेच आधी करून घ्यावेत आणि अर्जात स्टेंटचा उल्लेख तारखेसह करावा. तो लपवल्यास नेमक्या दाव्याच्या वेळी विमा हातचा जातो.

औषधे मूळ वेष्टनात, घटकद्रव्याचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातल्या सामानात ठेवावीत. वाटेत जपानमध्ये थांबणार असाल तर अधिक सांभाळावे; तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्याहून अधिक पुरतील इतकी न्यायची असल्यास आधी आयात परवाना काढावा लागतो, आणि सर्दीवरच्या औषधांतले स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असल्यास ते नेताच येत नाही.