कणकेतला केस कोणाचा?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की माझी वेणी गुडघ्याच्या खाली चार बोटं येते आणि घरात एक बोका नि एक कुत्रा आहे. त्यावर पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांचा सूर एकच : ताई, मग तुमचं घर राहतं कसं? म्हणून या वेळचं सदर पूर्ण केसांचंच. माणसाच्याही आणि जनावराच्याही.

ताई, माझे केस मांडीपर्यंत आहेत. घर दोन खोल्यांचं. नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि लॅब्रडॉर कुत्री. दिवसातून दोनदा झाडते, तरी केस सापडतातच. परवा कणकेत निघाला. सासूबाई म्हणाल्या, ‘एक तर केस काप, नाही तर कुत्री देऊन टाक.’ काय करू? – एक वाचक, मिरज

दोन्ही करू नका. कणकेतला केस केवढा होता ते तुम्ही लिहिलं नाही. हातभर असेल तर तुमचा, बोटाच्या पेराएवढा असेल तर तिचा. सासूबाईंसमोर मोजून दाखवा, निदान आरोपी तरी नक्की होईल.

माणसाच्या डोक्यावरचे ५० ते १०० केस रोज गळतात. बॉबकटवालीचेही तेवढेच गळतात, पण ते कोपऱ्यात मुकाट पडून राहतात. तुमचा एक केस तीन फुटांचा. म्हणजे शंभर केस गळले तर तीनशे फूट झाले. हे झाडून संपत नाही, कारण फुलझाडूने लांब केस गोळा होतच नाही. तो आधी उडतो, मग खाटेखाली जातो आणि उरलेला झाडूलाच गुंडाळून बसतो. मी पंधरा वर्षं घर झाडत होते. मग लक्षात आलं की केस जमिनीवर पडायच्या आधीच पकडायला हवा.

त्यासाठी विंचरायची जागा एक आणि वेळही एक. माझी जागा गॅलरीच्या दारात. सकाळी साडेसहाला स्टूल ठेवते, खाली जुन्या पांढऱ्या साडीचा अर्धा तुकडा अंथरते. पांढरी अशासाठी की काळा केस दिसतो. (आता माझे निम्मे पांढरे झालेत, तेव्हा साडीही बदलायला हवी. पण जीव होत नाही.) टोकाकडून सुरुवात करून वीतवीत वर यायचं, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या लाकडी कंगव्याने. दिवसभरात गळायचे त्यातले बरेचसे केस इथेच सुटून येतात. मग वेणी, वेणीचा अंबाडा, साडीची घडी आत घालून गॅलरीबाहेर झटकायची नाही (खालच्या मजल्यावर माणसं राहतात), तर केस वेचून घ्यायचे. स्वयंपाकघरात पाय ठेवायचा तो अंबाड्यानेच, आणि कणीक मळताना वर सुती रुमाल. माझी आजी पदर घ्यायची त्यात हीही सोय होती, असं मला आता वाटतं.

गुंतवळ बोटाला गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका. माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. लहानपणी आमच्या साताऱ्याच्या वाड्यात आई ती भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची आणि गल्लीत ‘केसावर फुगेऽऽ’ अशी हाळी आली की आम्ही फट रिकामी करून धावायचो. मूठभर गुंतवळीला एक फुगा, आईची असेल तर दोन. हे केस पुढे गंगावनं आणि टोप करायला जातात हे कळायला बरीच वर्षं गेली. अजूनही कुठे कुठे ती हाळी येते. तुमच्या गल्लीत आली तर मुलांना पाठवा.

आता कुत्री. लॅब्रडॉरला वरच्या केसांखाली मऊ दाट थर असतो आणि तो झडतच राहतो, वर्षातून दोनदा जरा जास्तच. तिलाही रोज संध्याकाळी दहा मिनिटं दाराबाहेर विंचरा. तिचा ब्रश वेगळा ठेवा. सोफ्यावर, गादीवर चिकटलेले तिचे केस काढायला भांडी घासायचे रबरी हातमोजे ओले करून एकाच दिशेने हात फिरवा, केसांच्या वळकट्या होऊन येतात. फरशीवर कोपऱ्यांतून आधी ओलं फडकं फिरवा, झाडू नंतर. उलट क्रमाने केलं तर तेच केस उद्या पुन्हा भेटतात.

माझं मांजर माझे गळालेले केस चघळतं. कधी उलटीत केसांचा गोळा येतो. त्याने काही होतं का? – एक वाचक, डोंबिवली

मांजर स्वतःला चाटतं तेव्हा त्याचे स्वतःचे केस पोटात जातातच. अधूनमधून गोळा बाहेर पडला तर घाबरू नका. रोज विंचरलं की हे कमी होतं. तुमचा दोन-तीन फुटांचा केस मात्र केस समजू नका, दोरा समजा. आणि दोऱ्याची गोष्ट मी अनुभवाने सांगते.

दोन वर्षांपूर्वी चैत्रातलं हळदीकुंकू उरकून रात्री उशिरा घरी आले. मोगऱ्याचा गजरा केसांतून सोडवला आणि टेबलावर ठेवून झोपले. सकाळी फुलं जमिनीवर विखुरलेली, दोरा गायब. ढब्बू, म्हणजे आमचा बोका, खाटेखाली बसलेला. दुपारी पिवळी उलटी, मग पाण्याकडेही बघेना. दवाखान्यात डॉक्टरांनी जबडा उघडून जीभ वर केली. दोऱ्याचा एक फास जिभेच्या मुळाशी अडकलेला होता आणि बाकीचा गिळलेला. मी चिमटीत धरून ओढायला पुढे झाले तर त्या जवळजवळ ओरडल्याच. एक टोक अडकलेलं असताना आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होत जातं. ओढलं की दोरा आतडं कापतो. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. ढब्बू वाचला. पोटावरचे केस परत यायला तीन महिने लागले.

तेव्हापासून गजरा उतरला की डब्यात जातो आणि डबा फ्रिजमध्ये. रबरबँड, रिबिनी, गोंडे, शिवणाचा दोरा सगळं खणात. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका, सरळ पशुवैद्यांकडे न्या. वारंवार उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात दडून बसणं, यातलं काही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

मी २४ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. केस खूप गळत होते म्हणून डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल लावायला दिलंय. रात्री लावून झोपते. माझी मांजर माझ्या उशीवर, केसांतच झोपते. चालेल ना? – एक वाचक, पुणे

नाही. अजिबात नाही. अंक बाजूला ठेव आणि आज रात्रीपासून तिला वेगळ्या खोलीत झोपव.

मिनॉक्सिडिल मांजरासाठी जहाल विष आहे. उशीच्या अभ्र्यावरचं किंवा तुझ्या केसांवरचं थोडंसं चाटलं तरी पुरतं. रक्तदाब कोसळतो, छातीत पाणी होतं, श्वास लागतो, आणि त्यावर हमखास उतारा असं औषध नाही. तिने चाटलं अशी नुसती शंका आली तरी थांबू नकोस, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठ.

औषध एकदम बंद केलंस तर त्यामुळे आलेले केस पुन्हा गळतील, तेव्हा तेही मनाने करू नकोस. त्वचारोगतज्ज्ञांना स्पष्ट सांग की घरात मांजर आहे, दुसरं काय देता येईल ते विचार. तोवर बंद दाराआड लाव, हात साबणाने धू, औषध वाळून केस धुऊन होईपर्यंत तिला जवळ घेऊ नकोस, अभ्रा रोज बदल. एका खोलीत राहत असशील तर हे जमणार नाही असं माझं मत. तेव्हा डॉक्टरांकडे लवकर जा.

याच्यासारखंच आणखी एक. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडीवरच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. तेही मांजराला सोसत नाही. घरात दोन्ही जनावरं असतील तर विकत घेताना डब्यावरचं वाचा.

शिकेकाईने केस धुते, पण चोथा आठवडाभर केसांतून पडत राहतो. आणि उरलेल्या पाण्याने कुत्र्याला आंघोळ घातली तर? – एक वाचक, रत्नागिरी

तुम्ही तयार पूड वापरत असणार. लांब केसांना पूड नकोच. मूठभर शिकेकाईच्या शेंगा, सहा-सात रिठे बिया काढून, पाच-सहा आवळकाठ्या रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, हाताने कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. दुसऱ्यांदा गाळायचा कंटाळा करू नका, सगळी मेख तिथेच आहे. पाणी मगाने टाळूवर ओता. केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, सरळ खाली सोडा. फेस लांबीवरून वाहत जातो तेवढं टोकांना बास.

टोकांना जपायचं कारण त्यांचं वय. केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो. मीटरभर वेणीचं टोक सात-आठ वर्षांचं असतं. म्हणजे तुमच्या वेणीच्या गोंड्यापाशी जो केस आहे त्याने करोनाची टाळेबंदी पाहिली आहे. ओला केस ताणला की तुटतो, म्हणून पिळू नका, टॉवेलने झटकू नका, जुन्या पंच्यात दाबून पाणी टिपा. कोकणातल्या पावसात केस वाळायला दिवस लागतो हे मला ठाऊक आहे. तरी दमट केसांची वेणी घालू नका, वास धरतो. पंख्याखाली बसा, मटार सोला.

कुत्र्याला ते पाणी नको. रिठा डोळ्यांत झोंबतो, आणि कुत्रा अंग चाटणारच, मग पोट बिघडतं. पशुवैद्यांनी सांगितलेला साधा शाम्पू आणा.

आणि न्हाऊन उठलात की नहाणीच्या जाळीवरचे केस त्याच क्षणी उचला. वाळले की साबणाच्या थरात रुततात आणि मग प्लंबर येतो, डोकं हलवतो आणि आपल्या वेणीकडे बघतो.

माझ्या मानेमागे केसांचा घट्ट गुंता झालाय. सासरचे म्हणतात, जट आहे, देवीची खूण, हात लावू नकोस. घरात पर्शियन मांजर आहे, तिच्याही काखेत तशाच गाठी आहेत. – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

मांजरीच्या गाठीला कुणी देवीची खूण म्हणालं का? नाही ना. मग तुमच्याही नाही. न विंचरलेले केस, तेल, धूळ, घाम आणि मानेशी होणारं घासणं, एवढ्याने जट होते.

नवीन असेल तर सुटते. भरपूर खोबरेल तेल लावा, एक रात्र राहू द्या, मग खालच्या टोकाकडून बोटांनी एकेक बट मोकळी करा. घट्ट भागात विणकामाची जाड सुई घालून हळूहळू सैल करा. माझ्या नणंदेचा आजारपणातला गुंता आम्ही तीन संध्याकाळी बसून सोडवला. जुनी, दगडासारखी झालेली असेल तर कापणं शहाणपणाचं. आतली त्वचा ओली राहते, उवा होतात, मान दुखते. घरच्यांची समजूत घालणं जड जात असेल तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात. घरी येऊन बोलतात, बाईच्या संमतीने जट काढतात. त्यांना बोलवायला संकोच करू नका.

मांजरीच्या गाठींना मात्र कात्री लावू नका. तिची कातडी कागदासारखी पातळ, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते. थोडं कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सैल करून बघा, नाही जमलं तर पशुवैद्यांकडे यंत्राने काढून घ्या.

थोडक्यात

*नागपूर :* काळं फिनेल मांजराच्या घरात नको. पंजाला लागतं, ते चाटतं. साध्या साबणाच्या पाण्याने फरशी पुसा. टी ट्री तेलही डोक्याला लावून जनावराशी खेळू नका.

*बडोदा :* कुत्रा तेल लावलेली वेणी चाटतो, कारण खोबरं त्याला आवडतं. थोड्याने काही होत नाही, जास्त झालं तर जुलाब. तेल लावून वेणी फडक्यात बांधा.

*पनवेल :* रात्री मांजर वेणीशी खेळतं त्यावर उपाय : झोपताना सैल वेणी, वर मलमलची टोपी किंवा ओढणी. आणि झोपायच्या आधी मांजराला दहा मिनिटं खेळवा. थकलं पाहिजे ते, तुम्ही नाही.

*अमरावती :* विचारलंत म्हणून सांगते, लांब केसांच्या विक्रमाच्या जवळपासही मी नाही. प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची लांबी २०२३ मध्ये गिनीजने २३६.२२ सेंटीमीटर नोंदवली, तो तेव्हाचा विक्रम होता. माझे किती ते मोजायला परवा शिवणाची मोजपट्टी काढली होती. १२० पर्यंत वाचलं आणि पट्टीचं दुसरं टोक ढब्बू घेऊन गेला.